राखणीच्या रात्री

डिसेंबरात पालघरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दुसऱ्या दिवशी सात वाजून गेल्यावर उगवतो. रात्र जवळपास तेरा तासांची. बोईसरच्या चाळीत किंवा तारापूरच्या वसाहतीत राहणाऱ्याला तिची लांबी जाणवत नाही. दिवे असतात, कारखान्याची पाळी असते, हातात मोबाइल असतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र याच पट्ट्यातली कितीतरी माणसे दसऱ्यापासून पुढचे दोन-तीन महिने घरात झोपतच नसत. कोणी खळ्यावर पेंढ्यात अंग टाकी, कोणी गवताच्या माळावर, कोणी खैराच्या रानात पाल्याच्या खोपटात. हल्ली शनिवार-रविवारी पाठीवर तंबू घेऊन येणारी मंडळी ज्याला कॅम्पिंग म्हणतात ते इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फरक एवढाच की ते कामासाठी होते, आणि त्या कामाचे नाव होते राखण.

राखण म्हणजे जागे राहणे. जागे राहायचे तर काहीतरी करत राहावे लागते. पालघरच्या लोककलेतले जे जे आज प्रदर्शनात, शासकीय कार्यक्रमात आणि रिसॉर्टच्या हिरवळीवर दिसते, त्यातले बरेचसे या जाग्या रात्रींनी पोसलेले आहे. पण त्या रात्री सगळ्यांना सारख्या सुखाच्या नव्हत्या. राखण कोणाच्या मालाची आहे, यावर रात्र कशी जाणार ते ठरे.

या भागाचे दोन तुकडे लोक आपणहून पाडतात. समुद्राकडची ती बंदरपट्टी, रेल्वेच्या पूर्वेला डोंगरांकडे चढत जाणारी ती जंगलपट्टी. बंदरपट्टीत मांगेला, भंडारी, वाडवळ, माच्छी. जंगलपट्टीत वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन पालघर जिल्हा झाला. त्याच्या आठ तालुक्यांत २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३७ टक्के लोक आदिवासी आहेत. पावसाळा इथे चार महिने सगळे अडवून धरतो. ओढे, खाड्या, चिखल यांतून गाडी जात नाही, माणूस कसाबसा जातो. दसरा उलटला की वाटा मोकळ्या होतात आणि जो तो बाहेर पडतो.

फौजासुद्धा तेव्हाच बाहेर पडत. शिवाजी महाराजांची पहिली सुरत स्वारी जानेवारी १६६४ ची. वाटेत जव्हारजवळ शिरपामाळावर त्यांचा मुक्काम झाल्याची आठवण तिथले लोक आजही सांगतात. पुढे १७३९ च्या हिवाळ्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने माहीम, केळवे, तारापूर ही पोर्तुगीज ठाणी एकामागून एक घेतली. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव पडले. आज ज्या किनाऱ्यावर सहलीचे तंबू लागतात, तिथे त्या थंडीत मोर्चे लागले होते.

फौजा आल्या आणि गेल्या. दरसाल न चुकता रानात मुक्कामाला जाणारे होते ते कातकरी. खैराच्या गाभ्यापासून कात काढणे हा त्यांचा धंदा. जॉन विल्सन या मुंबईच्या स्कॉटिश मिशनऱ्याने उत्तर कोकणातल्या वारली आणि काथोडी या जमातींवर लिहिलेला लेख १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. काथोडी म्हणजेच कातकरी. या जमातींवरच्या सर्वांत जुन्या छापील लेखांपैकी तो एक.

थंडी पडली की कुटुंबेच्या कुटुंबे खैराच्या रानात जात. खोपटी उभारत, चुली मांडत. झाड तोडून वरची पांढरी साल-लाकूड काढून टाकायचे, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या करायच्या आणि त्या मातीच्या मडक्यांत पाण्यात घालून उकळत ठेवायच्या. पाणी आटत आटत दाट, काळपट होई. ते वेगळे काढून पुन्हा आटवायचे, मग थंड करून त्याच्या वड्या पाडायच्या. कात नीट बसायला गारवा लागतो, म्हणून हे काम हिवाळ्याचे. आणि मडकी तासन्‌तास चुलीवर असल्यामुळे ते रात्रीचेही. जाळ कमी झाला तर काम खोळंबते, जास्त झाला तर मडके तडकते. चुलीपाशी कोणीतरी बसलेलेच पाहिजे. विड्याच्या पानात घातलेला कात शहरातल्या दिवाणखान्यांत रंगत आणी, तो असा कुणाच्या तरी जागरणातून आलेला असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल खात्याने राने राखीव करायला सुरुवात केली आणि हा मुक्काम आकसत गेला. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांनी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, फांद्या तोडण्यावरच्या बंदीविरुद्ध एवढा गिल्ला केला की १८८५ मध्ये सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. राबाचा प्रश्न निदान कमिशनपर्यंत पोचला. कातकऱ्यांची चूल त्या आधीच विझू लागली होती. खैर सरकारचा झाला, आणि कात काढणारे दुसऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीला लागले.

जंगलपट्टीतली खरी राखण खळ्याची.

हळवे भात आधी पिकते, गरवे मागाहून. कापणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते ती दिवाळीनंतरही चालते. कापलेले भात शेतातच वाळवून त्याचे भारे बांधायचे, भारे डोक्यावरून वाहून आणायचे आणि खळ्याशेजारी त्याची उडवी रचायची. खळे म्हणजे शेतातलाच एक सपाट, ठोकून घट्ट केलेला, शेणाने सारवलेला तुकडा. तिथे भात झोडतात किंवा मधल्या खांबाभोवती बैल फिरवून मळतात, मग वाऱ्याच्या दिशेने उपणतात. सगळे भात एकदम झोडून होत नाही. माणसे कमी, वारा आपल्या मर्जीचा, शेजाऱ्याकडे उसनवारीच्या कामालाही जायचे. त्यामुळे वर्षभराचे अन्न पंधरा-वीस दिवस किंवा त्याहून जास्त उघड्यावर पडलेले असे.

त्याच्यावर डोळा अनेकांचा. रानडुकरे रात्री येतात, मोकाट गुरे येतात, उंदीर तर जमिनीखालूनच येतात. कातकरी या उंदरांची बिळे खणून त्यांनी साठवलेले भात काढून घेतात आणि उंदीरही भाजून खातात. कापणीच्या दिवसांतली ही त्यांची हक्काची कमाई असे. म्हणून घरातली दोन-तीन माणसे खळ्यावर झोपायला येत. पेंढा अंथरायला, पेंढाच पांघरायला. शेकोटीला लाकडाचा ओंडका, म्हणजे जाळ मंद राहतो आणि पहाटेपर्यंत टिकतो. पेंढ्याची उडवी आणि शेकोटी यांच्यात अंतर राखणे हे राखणीतले पहिले शहाणपण. जेवायला तांदळाची किंवा नागलीची भाकर, सुक्या मासळीची चटणी, निखाऱ्यात भाजलेले कंद. जवळच्या चार-पाच खळ्यांवरची माणसे एखाद्या मोठ्या खळ्यावर जमली की सारवलेली सपाट जमीन नाचायला आयतीच तयार असे.

तिथे तारपा निघे.

पावसाळ्यात तारपा घराच्या आढ्याला टांगलेला असतो. भात तयार होऊ लागले की तो खाली येतो. दिवाळी आणि मळणीचे दिवस हा त्याचा ऐन हंगाम. त्याची बांधणी सगळी रानातल्या आणि परसातल्या वस्तूंची: वर वाळवलेला पोकळ दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांना बोटांसाठी भोके, आत कापलेल्या जिभल्या, खाली ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा, आणि सांधे बुजवायला मधमाशीचे मेण. लांबी साधारण हातभरापासून पुरुषभरापर्यंत, वाजवणाऱ्याच्या हौसेप्रमाणे त्याहूनही मोठी. भोपळ्यात फुंकलेली हवा दोन्ही नळ्यांतून एकदम बाहेर पडते. एक नळी सूर धरून ठेवते, दुसरीवर बोटे चालतात.

तारपा वाजवण्याची खरी कसोटी श्वासाची आहे. सूर मध्ये तुटून चालत नाही, कारण नाचणाऱ्यांची पावले त्या सुरावरच चाललेली असतात. वादक गालांत हवा साठवून ती भोपळ्यात ढकलतो आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घेतो. शहनाईवाले हेच तंत्र वापरतात. ते साधायला काही वर्षे जातात. थंडीच्या रात्री उघड्यावर तासन्‌तास असे फुंकत राहणारा माणूस दमाचाच पाहिजे, आणि त्याला मध्येच सोडवायला दुसरा तयार पाहिजे.

तारपावादक मध्यभागी. त्याच्याभोवती स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी धरतात. साखळीच्या टोकाला घुंगरकाठी घेतलेला पुढारी. तो काठी जमिनीवर आपटून ठेका देतो आणि साखळीला वळवत नेतो. वादक ज्या बाजूला वळेल त्या बाजूला साखळी वळते. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा दंडक. वादक सूर बदलतो तशी पावले बदलतात. या सुरावटींना ‘चाळे’ म्हणतात. एक चाळा देवाचा, दुसरा एखाद्या पाखराच्या चालीचा, तिसरा नुसत्या मस्तीचा. प्रेक्षक नावाचा प्राणी या नाचात नसतोच. जो आला तो साखळीत शिरतो, दमला की सुटतो, शेकोटीपाशी बसतो, ताडीचा घोट घेतो आणि पुन्हा शिरतो. साखळी चालू राहते. राखणीसाठी याहून बिनचूक व्यवस्था शोधून सापडणार नाही: पाच-पन्नास माणसे जागी आहेत, हालती आहेत, आवाज करताहेत, आणि मध्ये धान्याची रास आहे. डुक्कर जवळ येईल कशाला?

नाच थांबला तरी रात्र उरतेच. मग गाणे बसून होई. भगत घांगळी घेई. बांबूच्या दांड्याला दोन भोपळे आणि तारा असे हे वाद्य. तिच्या साथीने तो कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, गाणी-कथा लावी. कोकणा समाजात याच कामाला थाळी येते. पितळी किंवा काशाच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि ओल्या बोटांनी ती वरून खाली ओढत राहायचे. थाळीतून अखंड घुमारा निघतो आणि त्यावर गाणारा रात्र-रात्र कथा सांगतो. ज्या देवतेची कथा, तिचीच रास समोर. ऐकणाऱ्याला कथा आणि काम वेगळे करावे लागत नव्हते.

तारप्याभोवतीची ती वळत जाणारी साखळी आज जगभर ओळखली जाते ती चित्रामुळे. वारली बायका लग्नात गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. भोवती माणसे, झाडे, जनावरे आणि तारप्याचा नाच. लग्नसराई सुगीनंतरची, त्यामुळे खळ्यावर नाचून आलेल्या पायांची आठवण ताजी असतानाच ती भिंतीवर उतरे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणू भागात आले आणि त्यांनी चित्र काढणाऱ्यांच्या हाती कागद दिला. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी तो कागद जगभर नेला. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांचे प्रदर्शन २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फला झाले. मे २०१८ मध्ये मशे वारले. त्यांच्या मोठ्या चित्रांत साखळी कधी कधी एवढी लांब होते की तिचे टोक शोधावे लागते. रात्रभर चालणारा नाच ज्याने पाहिला आहे त्याला ती लांबी अतिशयोक्ती वाटत नाही.

आता दुसरी बाजू.

खळ्यावरची रास वारल्याची असली तरी ती त्याच्या घरी जाईलच असे नव्हते. एकोणिसाव्या शतकात जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि कसणारे कूळ झाले. खंडाचे भात खळ्यावरच मोजून नेले जाई. पावसाळ्यात खावटीला घेतलेले धान्य दामदुपटीने तिथेच वसूल होई. रात्रभर राखायचे आपण, सकाळी गाडी भरायची दुसऱ्याची. त्यावर वेठ होती: जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणे, अंमलदाराचे सामान वाहणे. लग्नासाठी कर्ज काढलेला माणूस ते फेडेपर्यंत बायकोसकट राबे, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. डी. सिमिंग्टन या आय.सी.एस. अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारला आदिवासींविषयी अहवाल दिला, त्यात या वेठीची स्पष्ट नोंद आहे.

त्याच काळात याच रानांत हिवाळ्यात आणखी एक मुक्काम पडे, तो साहेबाचा. मुंबई इलाख्यातले असिस्टंट कलेक्टर, जंगल अधिकारी पावसाळा संपला की जिल्हा फिरायला निघत आणि महिनोन्‌महिने डेऱ्यात राहत. दिवसा अर्ज-फिर्यादी, जमाबंदीची तपासणी, संध्याकाळी बंदूक घेऊन फेरी, रात्री कंदिलाच्या उजेडात टपाल आणि वाचन. पुढल्या मुक्कामाला तंबू, खाटा, भांडी हलवायची वेळ आली की गावातली माणसे डोक्यावर ओझी घेऊन चालत. एकाच रानातल्या या दोन मुक्कामांत उबेला कोण आणि ओझ्याला कोण हे ठरलेले होते.

सर्वांत वाईट मुक्काम गवताचा. १८६४ मध्ये मुंबई-सुरत रेल्वे सुरू झाली आणि पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू या पट्ट्यातले गवत मुंबईच्या तबेल्यांना मिळू लागले. शहरात घोडे होते, ट्रामही आधी घोड्यांची होती, म्हशींचे गोठे वाढत होते. दसऱ्यानंतर माळावरचे गवत पिवळे पडले की व्यापारी ते कापायला मजूर लावत. कापायचे, वाळवायचे, वाहायचे, दाबून गाठी बांधायच्या, वाघिणीत भरायच्या. ऐन भातकापणीचेच हे दिवस. स्वतःचे भात शेतात झडत असताना माणसाला माळावर जावे लागे. तिथे रात्र काढणाऱ्याच्या भोवतीची रास वाळल्या गवताची, म्हणजे शेकोटीलाही भय. मजुरी नाममात्र. या माळांवरूनही गाणी झाली असतील, पण माळाने पुढे आणले ते भांडण.

१९४५ हे वर्ष या भागाच्या इतिहासात विलक्षण दाट आहे. २३ मे रोजी झरी येथे किसान सभेच्या मेळाव्याला सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठ बंद करण्याचा निर्धार झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर या लढ्याचे पुढारी होते. पावसाळा सरताच गवतकापणीचा संप आला. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या हजारो वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. गोदावरीबाईंनी या सगळ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शतकभर दुसऱ्याच्या मालासाठी जागणारी माणसे त्या वर्षी स्वतःसाठी जागी झाली.

त्याच वर्षी के. जे. सावे यांचे ‘द वारलीज’ हे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि डिसेंबरात ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांची त्यांना साथ मिळाली. पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत का येत नाहीत, तर ती गुरांमागे असतात, हे पाहून तिथे कुरणशाळा निघाली. मुले जिथे मुक्कामाला, तिथे मास्तर. हा विचार या जिल्ह्यात पुन्हा एकदा उपयोगी पडणार होता.

कूळकायदा १९४८ मध्ये आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक मानले. सगळीकडे तो सारखा उतरला नाही. पण जिथे उतरला तिथे खळ्यावरची रास प्रथमच राखणाऱ्याची झाली.

बंदरपट्टीच्या थंडीची चव वेगळी. इथे राखण वाडीची, आणि तिला साथ उकडहंडीची. भात निघाले की उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पौष-माघात त्याच्या शेंगा भरतात. कोनफळ, रताळी, इतर कंदही तेव्हाच जमिनीतून निघतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, कंद, ओले खोबरे, पातीचा लसूण, ओवा, कोणाची अंडी तर कोणाचे मटण, वरून पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. तोंड बंद करून मडके जाळात ठेवायचे. शेंगांचाच ओलावा वाफ होऊन फिरतो. याच हंडीला दक्षिणेला रायगडात पोपटी म्हणतात आणि उत्तरेला सीमेपलीकडे वलसाडकडे उबाडियूं. नाव आणि मसाला बदलतो, भांडे, शेंगा आणि थंडी तीच. हंडी घरात होत नाही. वाडीत, शेतात, मोकळ्यावर दहा-वीस जणांनी मिळून पाचोळा गोळा केल्याशिवाय ती लागत नाही, आणि ती शिजेपर्यंतचा वेळ ही तिची अर्धी मजा.

आता हे सगळे कुठे गेले?

थोडे यंत्राने नेले. मळणीयंत्र आले आणि पंधरा दिवसांची झोडणी एका दुपारीत आटोपू लागली. भात संध्याकाळी पोत्यात, पोते घरात. राखायला काही उरत नाही. थोडे कारखान्याने नेले. तारापूरच्या अणुवीज केंद्रातले पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. देशातली पहिली अणुवीज इथे तयार झाली. पुढे तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. शेजारी औद्योगिक वसाहत वाढली. बोईसरला उतरणारा तरुण आता रात्रपाळीला जागतो. जागणे आहेच, त्याचा ताल तेवढा यंत्राच्या हाती गेला.

सर्वांत मोठा वाटा स्थलांतराचा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या तालुक्यांतली कुटुंबे दिवाळी झाली की उचल घेऊन वसई, भिवंडी, ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऐन तारप्याच्या हंगामात पाडा ओस. भट्टीवर राहायला कच्च्या विटा रचून, वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकून केलेले खोपटे असते, त्याला ‘भोंगा’ म्हणतात. उकरलेली माती, पहाटे पाडलेल्या विटा, रात्री पेटती भट्टी. गवताच्या माळाचाच हा नवा अवतार. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच्या मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ काढल्या. कोसबादची कुरणशाळा पुन्हा जन्माला आली, या वेळी विटांच्या ढिगाऱ्यात. मोठ्यांच्या संध्याकाळीसाठी मात्र कोणी काही काढले नाही. दिवसभर माती तुडवून आलेला माणूस मोबाइलवर गाणे लावतो आणि झोपतो.

तारपा तरीही संपलेला नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदीतही तारपा वाजवतात आणि स्वतः बनवतातही. २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळांच्या संमेलनांत, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकांत तारपा ऐकू येतो. फक्त तिथे तो दहा मिनिटे वाजतो, आणि समोर खुर्च्या मांडलेल्या असतात.

दरम्यान मुंबईकरांचा हिवाळी मुक्काम वाढला आहे. अशेरी गडाच्या गुहेत रात्र काढणारे, तांदुळवाडी आणि कोहोज गडांच्या पायथ्याशी उतरणारे, केळवे-बोर्डीच्या सुरूच्या बनात आणि जव्हारच्या पठारावर तंबू ठोकणारे. तेरा तासांची रात्र त्यांच्याही पुढे असते. स्पीकर दोन तासांत कंटाळा आणतो, मोबाइलची बॅटरी उतरते. मग आयोजक आठ ते नऊ ‘पारंपरिक नृत्य’ ठेवतो. दिवसभर कामाला गेलेली माणसे अंगरखा घालून येतात, एक तास फिरतात, ठरलेले पैसे घेऊन जातात. त्यात गैर काही नाही, मजुरी मिळते. पण तारप्याची रंगत त्याच्या लांबीत आहे, आणि ती तासाच्या मापात बसत नाही.

या थंडीत कोणी पालघरकडे मुक्कामाला निघणार असेल तर दोन-तीन गोष्टी सहज करता येतील. शेकोटी पेंढ्यापासून आणि वाळल्या गवतापासून दूर ठेवावी. त्या गवतावर कोणाची तरी गुरे उन्हाळा काढणार असतात. जेवणाचे सामान मुंबईहून आणण्यापेक्षा वाड्याचा कोलम तांदूळ आणि बाजारातले वाल घेऊन गावातल्या कोणाला तरी हंडी लावायला सांगावी, आणि पाचोळा गोळा करायला स्वतः जावे. तारपावादकाला बोलवायचे तर कार्यक्रमापुरते बोलवू नये. त्याला रात्रभरासाठी बोलवावे, खुर्च्या मांडू नयेत, साखळीत शिरावे, आणि रात्रीचा दर त्याने सांगितला की घासाघीस न करता द्यावा.